घाटमाथ्यावरून बेटाकडे : सिन्नरचे यादव आणि शांत जलप्रवासाची तयारी

१/
हिवाळ्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील बहुतेक पावले त्याच दोन-चार किनाऱ्यांकडे वळतात. गर्दी टाळून एखाद्या बेटावर जावे, जमल्यास शिडाच्या होडीने जावे, अशी इच्छा अनेक इतिहासप्रेमी तरुण बोलून दाखवतात. प्रत्यक्ष नियोजनाला बसल्यावर मात्र बोटीची वेळ आणि खोलीचे भाडे यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. या थ्रेडमध्ये आपण तेच नियोजन इतिहासाचे बोट धरून करू. आरंभ मात्र समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेतील सिन्नरपासून करायचा आहे. कारण कोकणच्या पाण्यावर घडलेल्या एका मोठ्या संघर्षाची मुळे या गावात वाढलेल्या राजवंशापर्यंत पोहोचतात.

२/
घाटावरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्याचे सर्वांत जुने उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत कोरलेले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दहानुका या नद्यांवर फुकट नावांची सोय केल्याचा उल्लेख येतो. दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्याचेही तो सांगतो. दहानुका म्हणजे डहाणूची नदी. याच लेखात शूर्पारक म्हणजे सोपारा बंदराचेही नाव आहे. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा दानलेख वाचला, की नाशिकची वाट समुद्राकडे जात होती हे सांगायला दुसऱ्या साक्षीची गरज राहत नाही.

३/
दुसरी साक्ष चित्रातली. अजिंठा तर समुद्रापासून सिन्नरपेक्षाही दूर. तरीही तेथील दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातील एक गलबत रंगवलेले आहे. त्याच्या तीन डोलकाठ्या आहेत, शिडे उंच आणि अरुंद आहेत आणि रांजण ओळीने मांडलेले आहेत. हे चित्र आधाराला घेऊन भारतीय नौदलासाठी जुन्या पद्धतीचे, काथ्याने फळ्या शिवलेले जहाज बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ असे नाव मिळालेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. डोंगरातील एका भिंतीवर रंगवलेले शीड दीड हजार वर्षांनी खऱ्या वाऱ्यात उभारले गेले, ते असे.

४/
आता सिन्नर. सेऊणदेशाच्या यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार चंद्रादित्यपूर म्हणजे आजच्या चांदवडच्या परिसरात पुढे आला. त्याचा पुत्र सेऊणचंद्र याने सेऊणपूर वसवले. काही अभ्यासक तेही सिन्नरच मानतात. पुढे सिंदीनगर या नावाने यादवांची राजधानी येथे नांदली. गावातील गोंदेश्वराचे मंदिर त्या वैभवाची खूण होय. मधोमध शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे अशी त्याची पंचायतन मांडणी असून शिखर भूमिज शैलीचे आहे. लोक त्याला सहज ‘हेमाडपंती’ म्हणतात. पण हे मंदिर साधारणपणे अकराव्या-बाराव्या शतकातील मानले जाते आणि हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. नाव लोकांनी मागाहून दिले, मंदिर त्याआधीचे आहे.

५/
बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारले आणि राजधानी देवगिरीस नेली. सिन्नरची राजसत्ता तेथून पुढे साम्राज्य झाली. सिंघण, कृष्ण आणि त्यानंतर १२६१ मध्ये गादीवर आलेला महादेव, अशी ही चढती कमान. महादेवाच्या पदरी हेमाद्री होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथातील राजप्रशस्तीमुळे यादवांची वंशावळ आपल्याला सलग कळते. याच प्रशस्तीत एका राजाच्या समुद्रातील मृत्यूची हकीकत येते. तो राजा म्हणजे उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार, सोमेश्वर.

६/
शिलाहार कोण होते, हे थोडक्यात पाहू. नवव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणात त्यांचा उदय झाला. श्रीस्थानक म्हणजे ठाणे हे त्यांचे मुख्य नगर. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातले. तेथील शिलालेख शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. त्यांच्या लेखांत ‘पुरी’ नावाच्या राजधानीचाही मान मोठा आहे. ही पुरी नेमकी कोणती, यावर विद्वानांत जुना वाद आहे. काहींनी ती घारापुरी मानली, काहींनी मुरूडजवळची राजपुरी. दोन्ही स्थळे खाडी आणि समुद्र यांच्या तोंडाशी आहेत, ही गोष्ट मात्र वादापलीकडची.

७/
पुरीवर घाटापलीकडून आलेले संकट नवे नव्हते. बदामीच्या चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळे येथील लेख इसवी सन ६३४ चा आहे. कवी रविकीर्तीने त्यात पुरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटले आहे आणि पुलकेशीच्या शेकडो नौकांना मदमत्त हत्तींची उपमा दिली आहे. त्या वेळी पुरी कोकणच्या मौर्यांकडे होती. बदामी समुद्रापासून किती आत आहे, हे नकाशावर पाहावे. जमिनीवरच्या राज्यांना बेटे हवी असत, कारण व्यापारी गलबते बेटांच्या आडोशाने बंदरात शिरत आणि जकातही तेथेच गोळा होई. घाटमाथ्यावरील राजधानीची तिजोरी बऱ्याच अंशी घाटाखालच्या पाण्यावर भरत असे.

८/
सोमेश्वराचे शिलालेख उरणजवळ रानवड आणि चांजे येथे मिळाले आहेत. ते अनुक्रमे १२५९ आणि १२६० चे, म्हणजे अखेरच्या संकटाच्या अगदी तोंडावरचे. सुमारे १२६५ मध्ये महादेव यादवाची फौज कोकणात उतरली. जमिनीवर तिच्या हत्तींपुढे निभाव लागेना, तेव्हा सोमेश्वराने समुद्राचा आश्रय घेतला. त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. त्याच्या पूर्वजांनी साडेचार शतके याच पाण्याच्या बळावर राज्य केले होते आणि घाटावरचे हत्ती लाटांवर चालत नाहीत. यादवांनी मात्र पाण्यावरही त्याचा पाठलाग केला.

९/
पुढचे हेमाद्री सांगतो. सोमेश्वर बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीत सापडण्यापेक्षा समुद्राच्या पोटातील वडवाग्नी त्याने बरा मानला, अशा आशयाची अतिशयोक्ती हेमाद्रीने योजिली आहे. हा विजेत्याच्या मंत्र्याने लिहिलेला मजकूर आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. राजाने जीव दिला की त्याचे जहाज बुडाले, एवढा निवाडा अलंकारिक श्लोकातून होत नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात रामचंद्र यादवाच्या वतीने साष्टीचा कारभार पाहणारा अच्युत नायक भेटतो. कोकणचा समुद्र देवगिरीच्या अमलाखाली आलेला होता.

१०/
या लढाईचे चित्र पाहायचे असेल तर मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावठाणात जावे. तेथे पुरुषभर उंचीपेक्षा मोठे सहा वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर उंच नाळेच्या नौका, ओळीने वल्ही मारणारे खलाशी आणि नौकांवरून झुंजणारे योद्धे कोरले आहेत. वरच्या पट्ट्यांत वीर स्वर्गाला जातो आणि शिवलिंगाची पूजा करतो. हेन्री कझेन्स यांनी या शिल्पांचा संबंध महादेव आणि सोमेश्वर यांच्या युद्धाशी जोडला. इतर अभ्यासकांनी ती त्याहून जुनी मानली आहेत. युद्ध कोणतेही असो, वल्ह्यांवर वाकलेली ती माणसे निनावी आहेत. राजे घाटावरचे असोत की किनाऱ्यावरचे, नौका चालवणारे हात किनाऱ्याचेच असत.

११/
येथे आपल्या नियोजनाचा पहिला नियम हाती येतो. कोकणची बेटे मुळात एकांताची जागा कधीच नव्हती. ती पहाऱ्याची, जकातीची, पूजेची आणि मासेमारीची गजबजलेली ठिकाणे होती. आज एखादे बेट शांत वाटते, ते त्याच्या वाट्याचा व्यापार दुसरीकडे गेला म्हणून, तटावरची फौज उठली म्हणून, किंवा तेथील वस्तीकडे कोणाचे लक्ष नाही म्हणून. तेव्हा ‘निर्जन बेट’ शोधत निघू नये. कमी गर्दीची वेळ, कमी मळलेली वाट आणि तेथील माणसांचा परिचय शोधावा. सुट्टी शांत जाते ती यामुळे.

१२/
घारापुरीचेच पाहा. गेटवे ऑफ इंडियापासून हे बेट साधारण दहा किलोमीटरवर आहे. सहाव्या शतकातील शैव लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पोर्तुगिजांना किनाऱ्यालगत दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या केबलने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. ही शांतता तेथील रहिवाशांनी मागून घेतलेली नव्हती.

१३/
घारापुरीला येणारे बहुतेक लोक धक्क्यावरून पायऱ्या चढतात, मुख्य लेणे पाहतात आणि परत फिरतात. शांतता हवी असेल तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडून पहिली बोट गाठावी. सोमवारी लेणी बंद असतात. मुख्य लेणे पाहून झाल्यावर पूर्वेकडील टेकडीकडे वळावे. तेथे विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. या बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही सापडले आहेत. लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधी येथे परदेशी गलबते नांगर टाकत होती, याचा तो पुरावा. पर्यटकांना बेटावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही, हे धरून परतीची बोट आधी ठरवावी.

१४/
आता ऋतू. ज्येष्ठ ते श्रावण समुद्र बंद, हा किनाऱ्याचा जुना नियम. आजही महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या लोटतात. तरीही भाद्रपदात समुद्र पुरता शमलेला नसतो. शिडाच्या प्रवासासाठी मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, हा काळ उत्तम. नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळावा. गर्दीही तेव्हाच आणि दरही तेव्हाच चढे असतात.

१५/
शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केलेले असतात. शिडाच्या होडीत बसल्यावर त्यांचा अर्थ कळतो. हिवाळ्यात पहाटे जमीन थंड असते, तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापते आणि वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. म्हणून पहाटे मतलईच्या पाठबळाने बेटाकडे निघावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्याला परतावे, हे जुन्या तांडेलांचे वेळापत्रक होते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो. त्या वेळात शीड लोंबकळत राहते, म्हणून होडीला वल्ही किंवा इंजिन असावेच.

१६/
वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण येते. मुंबईजवळ तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक चार मीटरांच्या पुढे जाऊ शकतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, फरक बराच कमी असतो आणि प्रवाहही मंद असतो. भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास. हा ठोकताळा मुंबई आणि परिसरासाठी आहे. घरातले पंचांग घेऊन त्याचा ताळा पाहावा. प्रत्यक्ष निघताना मात्र छापील भरती-कोष्टकच प्रमाण मानावे.

१७/
वारा, भरती आणि होडीची जात यांवर एका बेटाचे भवितव्य कसे ठरले, ते खांदेरीने दाखवले. हे बेट मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर आहे. मुंबई बंदरात शिरणारे जहाज येथून दिसते. पावसाळा सरत असताना, १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तट बांधण्यास सुरुवात केली. मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांनी जहाजे पाठवून बेटाला वेढा दिला. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याचा प्रयत्न करणारा फ्रान्सिस थॉर्प हा अधिकारी मारला गेला.

१८/
इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफा जड होत्या. पण त्यांना खोल पाणी आणि भरपूर वारा लागे. मराठ्यांची गलबते लहान आणि उथळ तळाची असून वल्ह्यांवरही चालत. वारा पडला की इंग्रजी जहाज जागीच डोलत राही आणि गलबते रात्रीच्या अंधारात थळकडून दगड, चुना, शिधा घेऊन बेटावर पोहोचत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमार नागावकडून बाहेर पडले. त्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन असलेले ‘रिव्हेंज’ मात्र टिकून झुंजले. अखेर वेढा उठला आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि त्यानंतर ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली.

१९/
सोमेश्वर आणि मायनाक भंडारी यांच्या हकिकती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघांनीही बलाढ्य शत्रूपुढे पाण्याचा आधार घेतला. सोमेश्वराला जमिनीवरून हुसकले गेले होते. त्याच्या पाठीशी किनारा उरला नव्हता. मायनाकांच्या पाठीशी थळ-नागावचा किनारा, तेथील होड्या आणि रात्रीची वाट ओळखणारी माणसे होती. म्हणून बुरूज पुरे होण्याआधीच खांदेरी टिकली. समोरच्या किनाऱ्याशी नाते तुटले की बेट फार काळ तग धरत नाही. सहलीला निघणाऱ्यानेही हेच पाहावे : समोरच्या गावातील नाखवा काय म्हणतो? त्याने आज समुद्र बरा नाही म्हटले, तर होडी काढू नये.

२०/
आजची खांदेरी : बेटावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे आणि त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिलेले आहे. कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे ठाणे आहे. एक शिळा अशी आहे की तिच्यावर दगडाने टकटक केल्यास धातूसारखा नाद निघतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. साल्हेर हा आपल्या नाशिक जिल्ह्यातील किल्लाही त्याच यादीत आहे. मान मिळाला की गर्दी येते. ती कशी वागेल, हे आता जाणाऱ्या पहिल्या पिढीवर ठरेल.

२१/
आता सिन्नरहून चार दिवसांचा आराखडा.
पहिला दिवस : पहाटे निघून कसारा घाट उतरावा. या घाटाचे जुने नाव थळ घाट. अलिबागजवळचे थळ गाव निराळे. वाटेत अंबरनाथचे मंदिर आणि सायंकाळी एकसरचे वीरगळ पाहावेत.
दुसरा दिवस : पहिल्या बोटीने घारापुरी.
तिसरा दिवस : मांडव्याला उतरून अलिबाग गाठावे, मुक्काम थळ किंवा नागाव येथील घरगुती निवासात करावा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. भांगाच्या दिवसांत पाणी पुरते उतरत नाही, म्हणून वेळ गावकऱ्यांना विचारूनच पाऊल टाकावे.
चौथा दिवस : पहाटे थळहून खांदेरी आणि दुपारी घाटाची वाट.
आठवड्याचा मधला भाग आणि अष्टमी जुळत असेल, तर ती तारीख पक्की करावी.

२२/
काही व्यावहारिक गोष्टी. थळच्या बहुतेक होड्या आज इंजिनावर चालतात. शिडाची नौका हवी असेल तर मुंबई बंदरात जाणत्या चालकासह तासाच्या बोलीने ती घ्यावी आणि वाऱ्याचा पहिला धडा तेथे घ्यावा. होडी परवान्याची आहे का, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक जणांचे प्राण गेले. तो दिवस निरभ्र होता. जाकीट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. दीपगृहाच्या बेटावर उतरण्यासाठी परवानगी लागते का, याची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

२३/
एकांताचा विषय निघाला म्हणून एक अलीकडची नोंद. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात बांधली गेली. वाटेत चार बंदरांत ते थांबले. नौकेवर ते एकटे असले तरी ती बांधणारे कारागीर, हवामान कळवणारे सहकारी आणि बंदरातील मदतनीस त्या प्रवासात सामील होते. चार दिवसांच्या सहलीतही आपला मार्ग आणि परतीची वेळ किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवण्याची शिस्त पाळावी.

२४/
शेवटचा मुद्दा पाण्याचा, आणि तो सिन्नरकरांना अधिक लवकर कळेल. देवनदीवरील जुने बंधारे आणि पाटपाणी यांवर ज्या तालुक्यातील शेतीने दुष्काळाशी झुंज दिली, तेथे गोड्या पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. बेटाचेही तसेच असते. सिंधुदुर्गात चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी सापडल्या, म्हणून तेथे किल्ला नांदला. त्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले. घारापुरी असो वा खांदेरी, बेटावरचे पाणी तेथे राहणाऱ्यांचे आहे. आपले पाणी घरून न्यावे, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात, टाक्यांत हातपाय धुऊ नयेत आणि जेवायचे ते तेथील बाईच्या हातचे पैसे देऊन जेवावे.

२५/
सारांश असा. नाशिकच्या लेण्यातील फुकट नावा, अजिंठ्याचे शीड, सिन्नरमधून वाढलेल्या यादवांची कोकण स्वारी आणि थळहून खांदेरीला जाणारी रात्रीची गलबते, ही सारी एकाच वाटेवरची ठिकाणे आहेत. ती वाट घाट उतरून समुद्राला मिळते आणि आजही खुली आहे. तिने जाताना तिथी पाहावी, वारा पाहावा, गावकऱ्यांचा सल्ला घ्यावा. गोंदेश्वराच्या आवारात उभे राहून नकाशा उघडला, तरी या प्रवासाची सुरुवात होते.

आपल्या गावापासून समुद्राकडे जाणारी जुनी घाटवाट कोणती, हे उत्तरात अवश्य लिहावे.

#सिन्नर #यादव #शिलाहार #खांदेरी #घारापुरी #इतिहास